चरायला लागलं की औषध बंद

माझ्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी आहे आणि त्या दोघीही सध्या कामावर आहेत. एवढं एक वाक्य छातीठोकपणे लिहिता यावं म्हणून मी जवळजवळ दोन वर्षं झगडले. बाकीच्या लोकांच्या पोटात या ग्रंथी जन्मापासून असतात, रोज सकाळी मुकाट्याने आपलं काम उरकतात, आणि त्या आहेत हे माणसाला मरेपर्यंत कळतही नाही. मला कळलं, चांगलंच कळलं. तेव्हा आज मी मिरवणार आहे. ज्यांना दुसऱ्याचं मिरवणं सोसत नाही त्यांनी इथेच थांबावं.

कारेगावात माझी खानावळ आहे. रांजणगावच्या कंपन्यांमधली साठ-पासष्ट माणसं माझ्याकडे जेवतात. निम्मी मराठवाड्यातली, निम्मी बिहार-यूपीकडची. पहिल्या पाळीचे डबे सकाळी सहाच्या आत निघालेच पाहिजेत, कारण कंपनीची बस कुणाच्या भाजीसाठी थांबत नाही. मालक, म्हणजे माझे यजमान, एका कंपनीत स्टोअरला आहेत. घरात आणि खानावळीत माझा आवाज मोठा आहे हे सगळ्यांना मान्य आहे. पुढे ज्या गोळ्या मी घेतल्या त्यांनी माणूस चिडचिडा होतो असं म्हणतात, पण माझ्या बाबतीत तो दोष गोळ्यांना देता येणार नाही. मी आधीचीच तशी आहे.

सुरुवात तोंड येण्यापासून झाली. तोंड कुणाला येत नाही? मी तूप लावलं, जाईचा पाला चघळला, मेडिकलमधून मलम आणलं. पंधरा दिवसांनी पाणीसुद्धा झोंबायला लागलं. दोन महिन्यांनी पाठीवर फोड आले, फुटले, आणि त्यांची सालं अंगाला चिकटलेल्या झंपरबरोबर निघायला लागली. साठ माणसांची आमटी रांधणारी बाई स्वतः थंड दूध आणि मऊ भातावर जगत होती. मिठाचा अंदाज घ्यायलाही मला दुसऱ्या बाईला चव बघायला सांगावं लागे. ते मला दुखण्यापेक्षा जास्त लागायचं.

शेवटी पुण्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी फोडाचा तुकडा तपासायला पाठवला आणि आठवड्याने नाव सांगितलं, पेम्फिगस. आपलंच शरीर आपल्या कातडीला परकं समजून तिच्यावर उठतं, असा हा आजार. त्यावर एक पांढरी गोळी, स्टेरॉइडची. दिवसाला चाळीस मिलिग्रॅम, सकाळी, काहीतरी खाऊन मगच. सोबत दुसरी एक गोळी आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी. निघताना त्या म्हणाल्या की ही पांढरी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करायची नाही. एकदा म्हणाल्या, मी मान डोलावली. पुन्हा म्हणाल्या, मी पुन्हा मान डोलावली. त्या वेळी माझं सगळं लक्ष तोंडात फुटलेल्या एका नव्या फोडाकडे होतं, आणि 'बंद करायची नाही' म्हणजे 'विसरायची नाही' एवढाच अर्थ माझ्या डोक्यात शिरला.

गोळीने जादू केली, हे नाकारता येणार नाही. तीन आठवड्यांत नवे फोड थांबले, दीड महिन्यात जुने वाळले. त्याबरोबर माझा चेहराही फुगत गेला. गाल वर आले, हनुवटी बुडाली, डोळे बारीक झाले. गंमत अशी की लोकांना मी सुधारले असं वाटायला लागलं. आधी हाडाचा सापळा झाला होता, आता अंगावर मांस दिसलं. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, बरी धरलीस गं तब्येत. खानावळीतला बिहारच्या छपऱ्याचा एक जण डबा उचलता उचलता म्हणाला, "आंटी, अब सेहत बन गई आपकी।" मी त्याला जास्तीची पोळी वाढली. सेहत कसली बनतेय, भूक आवरत नव्हती आणि दंडावर नुसतं बोट दाबलं तरी निळा डाग पडत होता.

डॉक्टरबाईंनी हळूहळू चाळिसाचे वीस केले होते. पाचव्या महिन्यात मी खानावळ माझ्याकडे कामाला असलेल्या दोघी बायांवर सोपवली आणि पंधरा दिवस विश्रांतीला माहेरी वरवंडला गेले.

आता आबांविषयी सांगायला हवं. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही मेंढरं राखणारे. माझं लग्न होईस्तोवर आमचा वाडा रानोमाळ फिरत असे, म्हणजे घरदार, कोंबड्या आणि दीडेकशे मेंढरं. नंतर गुडघे बोलायला लागले आणि भावाला कॅनॉलच्या पाण्यावर ऊस दिसायला लागला, तेव्हा कळप विकला. आता कांदा आहे, ऊस आहे आणि हौस म्हणून चार शेळ्या. पण आबांचं नाव अजून मेंढरांच्या औषधासाठी निघतं. पार पाटसपासून माणसं विचारायला येतात. आबा जनावराला हात लावत नाहीत. नुसते समोर उकिडवे बसतात आणि ते कसं चरतं ते बघतात. चरत नसेल तर औषध, आणि चरायला लागलं की औषध बंद. एक दिवस जास्तीचा नाही. कळपात औषध म्हणजे काय किमतीची गोष्ट असते ते आम्हालाच ठाऊक, आणि जनावराला त्याची सवय लागली तर ते कामातून जातं अशी त्यांची पक्की समजूत. या नियमावर त्यांनी चाळीस वर्षं कळप सांभाळला. आम्ही भावंडंही त्याच नियमावर वाढलो. ताप आला की काढा, आणि पोर भाकरी मागायला लागलं की काढ्याचं भांडं पालथं.

वरवंडला गेल्यावर चौथ्या दिवशी मी वहिनीच्या हातची बाजरीची भाकरी खाल्ली, लसणाच्या चटणीसकट. आठ महिन्यांनी तिखट. एकाच्या जागी दोन भाकऱ्या खाल्ल्या, चटणी पुसून खाल्ली, आणि तोंडात कुठे टोचलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाने नव्हे. आबा समोर उकिडवे बसून बघत होते. मेंढराकडे बघावं तसेच.

"चरायला लागलीस न्हवं?" ते म्हणाले. "मग आता औषध बंद. लई दिस दिलं की अंगाला त्येचीच सवय लागती."

मी भोळी होते, मला फसवलं, असं काही मी म्हणणार नाही. मला ते पटलं. हाडामासात भिनलेलंच होतं ते. शिवाय त्या फुगलेल्या चेहऱ्याचा मला मनस्वी कंटाळा आला होता. दुसऱ्या दिवशी मी पांढरी गोळी घेतली नाही, सोबतचीही नाही, दोन्ही पाकिटं पेटीत ठेवून दिली. मालकांना फोनवर अभिमानाने सांगितलं की आता गोळ्यांची गरज उरली नाही. तेही खूश झाले. आमच्या घरात त्या आठवड्यात नाखूश असं कुणी नव्हतंच.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यासारखं झालं, मी म्हटलं उन्हाने असेल. चौथ्या दिवशी भाकरीचा वासही नको झाला. पाचव्या दिवशी सकाळी मी बाजेवरून उठायला गेले तर भिंत माझ्याकडे आली. बसले तर डोळ्यांपुढे अंधार, निजले तर पोटात कळ, आणि उलटी अशी की पाणीही टिकेना. वहिनीला वाटलं कावीळ. आबांनी माझ्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि भावाला गाडी काढायला सांगितलं. दौंडला पोहोचेपर्यंत मी मागच्या सीटवर आडवी होते आणि आबांच्या मांडीवर डोकं होतं. त्यांचा हात माझ्या कपाळावर होता, तेवढं मला आठवतं.

दौंडच्या त्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. बाह्या दुमडलेल्या, आवाज शांत. बीपी मोजणाऱ्या सिस्टरने दोनदा मोजलं आणि मग त्याच्याकडे बघितलं. सलाइन लावता लावता त्याने सध्या कोणती गोळी चालू आहे ते विचारलं. आबांनी सांगितलं, कोणतीच न्हाई. मीही मान हलवली. खोटं कुणीच बोललं नाही, हे मला आजही नवल वाटतं. खरंच कोणतीच गोळी चालू नव्हती. त्या एका खऱ्या उत्तराने मी तिथे मेले असते.

पण त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. दोन दिवस पोटात अन्न नसलेल्या बाईचे गाल एवढे गरगरीत कसे, असं त्याच्या मनात आलं असणार. त्याने माझ्या बाहीची कड वर केली, दंडावरचे निळे डाग बघितले आणि आबांकडे वळला.

"आबा, चालू नाही ते कळलं. बंद कोणती केलीत?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"एक पांढरी गोळी व्हती, तोंडाच्या फोडांसाठी. पाच म्हयनं घेतली. पाच दिसामागं बंद केली. मीच सांगितलं बंद कर म्हणून."

डॉक्टर धावला म्हणणार नाही, पण पुढची दोन मिनिटं त्याने एकही शब्द वाया घालवला नाही. एक इंजेक्शन शिरेतून गेलं, मग साखरेचं सलाइन, मग पुण्याच्या बाईंना फोन. सकाळी मला माझं नाव सांगायला त्रास होत होता, आणि संध्याकाळी चारच्या सुमाराला मी चहा मागितला. सिस्टर म्हणाली, जरा दमानं. मी म्हटलं, साखर जास्त घाला.

चहा पिऊन झाल्यावर तो डॉक्टर खाटेच्या कडेला बसला आणि आम्हाला सगळं समजावून सांगितलं. त्या दोन ग्रंथी रोज सकाळी एक रस बनवतात. माणूस उठतो, उभा राहतो, ताप-मार सोसतो तो त्या रसाच्या जिवावर. माझी पांढरी गोळी म्हणजे तोच रस, बाहेरून दिलेला. रोज आयता मिळतोय म्हटल्यावर ग्रंथींनी बनवायचं सोडून दिलं. आणि मी एका सकाळी आयता बंद केला. आतलाही नाही, बाहेरचाही नाही. मी मुकाट्याने ऐकत होते, पण खरं सांगायचं तर ग्रंथी, रस, हे सगळं माझ्या डोक्यावरून चाललं होतं. कोपऱ्यात आबा उभे होते. ते एकदम बोलले.

"म्हंजी बाटलीवरच्या कोकराची गत. आय मेलेलं कोकरू बाटलीवर वाढवलं तर त्ये पाल्याला तोंडच लावत न्हाई. बाटली एकदम काढली की मरतं. जरा कमी करायची, पाला टांगायचा, बघायचं. मग आनखी कमी."

डॉक्टरने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला की हेच, अगदी हेच, आणि ते कोकरू पाला खायला लागायला कधी कधी वर्षही लागतं.

आबांना वर्षभर कोकरू धरून बसायची सवय होती. मला नव्हती. पण त्या क्षणी मला माझ्या पोटातला सगळा प्रकार लख्ख दिसला, आणि दिसल्याबरोबर राग आला. आबांचा आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा आला. कोकरांना बाटली मी स्वतः पाजलेली होती. आबांना दोन नियम ठाऊक होते, मेंढराचा आणि कोकराचा, आणि आम्ही दोघांनी मिळून मला चुकीचा लावला होता. त्या दिवशी आबांनी घरून आलेल्या डब्याला हात लावला नाही. मी जेवा म्हणून ओरडले तेव्हा दोन घास खाल्ले.

मग सुरू झाला उतार. पुण्याच्या बाईंनी एक कागद करून दिला. पुन्हा वीसपासून सुरुवात. आधी अडीच-अडीचने खाली, तेही फोड येत नाहीत ना ते बघून. दहावर आल्यावर आणखी सावकाश, एकेक मिलिग्रॅम, महिना महिना थांबत. दवाखान्यातून परत आले तेव्हा मी खानावळीच्या भिंतीवर, कोणत्या वारी कोणती भाजी त्या यादीच्या शेजारी, एक कॅलेंडर टांगलं. रोज पोहे नाहीतर भाकरी खाल्ली की गोळी, आणि गोळी झाली की त्या चौकोनात फुली. फुली नसेल तर मालकांनी मला कामाला हात लावू द्यायचा नाही, असा नियम मीच केला आणि दोनदा मीच तो मोडायला निघाले तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

दौंडच्या डॉक्टरने मला एक चिठ्ठी दिली होती. ही बाई स्टेरॉइड घेते, अचानक बंद करू नये, बेशुद्ध पडल्यास किंवा उलट्या थांबत नसल्यास लगेच अमुक इंजेक्शन द्यावं, असं तीत लिहिलेलं. ती मी झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिकमध्ये घालून घेतली. एक पर्समध्ये, एक मालकांच्या पाकिटात, आणि एक थेट खानावळीच्या दारावर. लाज कसली? साठ माणसं दिवसातून दोनदा त्या दारातून जातात. मी त्यांना जेवणाच्या पंगतीत उभी राहून सांगितलं की मी इथे पडले तर तोंडावर पाणी मारत बसू नका, हा कागद घेऊन मला दवाखान्यात न्या. मराठी न वाचता येणाऱ्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतले आणि एकमेकांना अर्थ विचारला. एवढी मोठी राखण कुणा मंत्र्यालाही नसेल.

उतार सोपा नव्हता. दर वेळी मात्रा खाली गेली की आठवडाभर अंग शिशासारखं जड. गुडघे दुखायचे, विनाकारण रडू यायचं, दुपारी पोत्यावर टेकले की तिथेच डोळा लागायचा. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं की असं होईल, अंग कुरकुर करेल, पण चक्कर आणि उलटी आली तर तो कुरकुरीचा प्रकार नव्हे, तेव्हा वाट बघायची नाही. त्यामुळे मला दोन्हींतला फरक कळायला लागला. कुरकुर सहन करायची. मी सहन केली. दर सोमवारी आबांचा फोन यायचा. तब्येत कशी हाय, जेवलीस का, असलं काही नाही. "बाटली कितीची?" एवढंच. मी म्हणायची, आठ. ते म्हणायचे, व्हय, आणि ठेवून द्यायचे.

चेहरा हळूहळू माझा माझा व्हायला लागला. आधी हनुवटी परत आली. बायका म्हणायला लागल्या की अगं, किती वाळलीस. मी त्यांना पोळी वाढली नाही.

पाचवर आले तेव्हा बाईंनी रक्त तपासायला सांगितलं. आदल्या दिवशीची गोळी घेतलेली, त्या सकाळची न घेता, आठ वाजता रक्त द्यायचं. शिरूरच्या लॅबमध्ये गेले. आकडा आला तो अगदी तळाला. कोकराने पाल्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मी रिक्षात बसून रडले. सात-आठ महिन्यांच्या फुल्या, आणि आत कुणी जागंच नाही. बाईंनी फोनवर सांगितलं की यात हार काही नाही, पाचवरच थांबा, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. त्यांना हार वाटली नाही, मला वाटली. मला तर कॅलेंडर फाडून टाकावंसं वाटलं.

आणि त्याच तीन महिन्यांत ताप आला. खानावळीत सगळेच खोकत होते, मलाही लागलं. एकशे दोन. कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं की ताप आला तर जेवढे दिवस ताप तेवढे दिवस गोळी दुप्पट, ताप उतरला की परत पहिल्या मात्रेवर. दुप्पट म्हणजे दहा. दहावरून पाचवर यायला मी हाडं झिजवली होती. माझ्या मनात आलं, दोन दिवस पाचवरच काढावे, कुणाला कळतंय. मालक कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. बोलले काही नाहीत, माझ्याशी बोलून काही होत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

मी त्या कागदाकडे बघत बसले आणि मला दौंडची ती खाट आठवली. तेव्हा कमी गोळी म्हणजे जिंकणं असंच आम्हाला वाटलं होतं. मालकांना पाणी आणायला सांगितलं आणि दहा घेतली. चार दिवस दहा घेतली. पाचव्या दिवशी ताप नव्हता, पाच घेतली, फुली मारली. माझ्या सगळ्या लढाईतला सगळ्यात मोठा विजय मी त्या चार दिवसांना मानते, आणि त्यात मी खाली उतरले नव्हते, वर चढले होते.

तीन महिन्यांनी पुन्हा शिरूर. त्याच काउंटरवर तीच मुलगी, तीच सुई. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला तेव्हा माझे हात कणकेने भरलेले होते, म्हणून मालकांनी वाचला. या खेपेला आकडा बराच वर आला होता, पण पुरता नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, जाग्या होतायत, आता महिन्याला एक कमी करा. चार, तीन, दोन. दोनवर असताना तिसऱ्यांदा शिरूरला गेले. या वेळी मी स्वतः वाचला, हात धुऊन, खुर्चीवर बसून. आकडा नॉर्मलच्या दोन रेघांच्या मधोमध होता.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, रिपोर्ट नीट बघितला आणि म्हणाल्या की तुमच्या ग्रंथी कामावर रुजू झाल्यात, आता पांढरी गोळी बंद करायला हरकत नाही. या वेळी मी मान डोलावली नाही. विचारलं, कशी बंद करायची, किती दिवसांत, आणि नंतर ताप आला तर काय. त्या हसल्या. शेवटचे काही आठवडे कसं उतरायचं ते लिहून दिलं, आणि सांगितलं की अजून वर्षभर चिठ्ठी पर्समध्येच ठेवायची. ऑपरेशन असो, अपघात असो, साधा दात काढायचा असो, समोरच्याला आधी सांगायचं. झोपेतून नुकत्या उठलेल्यांकडून लगेच ओझी वाहून घ्यायची नसतात.

शेवटची फुली मारली त्या दिवशी मी खानावळीत श्रीखंड केलं. छपऱ्याच्या माणसाने विचारलं की किस खुशी में. मी म्हटलं की मी आता माझ्या स्वतःच्या जिवावर उभी आहे. त्याला काही कळलं नाही, पण त्याने तिसरी वाटी घेतली. साठ माणसांना मी एकटीने वाढलं, एकदाही भिंतीला टेकले नाही, आणि इतकी खूश होते की कुणावर ओरडायचंही राहून गेलं.

रविवारी वरवंडला गेले. ही बातमी मला फोनवर द्यायची नव्हती. आबा शेडमध्ये कांद्याच्या ढिगाशी बसून नासके कांदे वेगळे काढत होते. मी समोर उकिडवी बसले आणि सांगितलं की आबा, बाटली सुटली. शून्य. रिपोर्टही दाखवला, त्यांना वाचता येत नाही तरी. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, उलटा होता, मी सुलटा केला. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, व्हय, आणि कांदे निवडायला लागतील.

"बाई," ते म्हणाले, "तुझ्या त्या पुण्याच्या न्हाईतर दौंडच्या डाक्टरकडं उद्या मला बी ने."

मी घाबरले. काय होतंय म्हणून विचारलं.

"कायबी व्हत न्हाई. त्येच तर. बीपीच्या गोळ्या व्हत्या माझ्या, मागल्या वर्साच्या. बरं वाटाया लागलं म्हणून पाडव्यापासनं घेतल्याच न्हाईत." त्यांनी एक कांदा उचलून उगाच फिरवला. "तुला सांगायचं धाडस व्हत न्हवतं."

ज्या माणसाला पार पाटसपासून लोक औषध विचारायला येतात, तो माझ्यापुढे मान खाली घालून बसला होता. दोन वर्षांत मला एवढा राग आला नव्हता आणि एवढी मायाही दाटून आली नव्हती. मी ओरडले. शेळ्या उठून उभ्या राहतील एवढी ओरडले, आणि ओरडता ओरडता रडले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग गुडघ्यावर हात रोवून उठले आणि घरात गेले, आणि थोड्या वेळाने आतून त्यांनी मला हाक मारून विचारलं की उद्या निघायचं किती वाजता, आणि त्या जुन्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्यायची का.

"सगळी घ्या," मी म्हटलं, "रिकामीसुद्धा."